सोडता येणार नाही

२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आधी बातमी सांगते, खुशाली मग. पेपरात वाचलं असशीलच, पण पेपरवाल्यांनी निम्मंच छापलंय. घरबांधणी आणि नगरविकासाचं वेगळं खातं निघालं. अख्ख्या देशासाठी एक खातं, एक मंत्री, एक सचिव. आजवर हा कारभार कसा चालायचा ते तुला पालिकेत बसून चांगलंच ठाऊक आहे. भिंती बांधकाम खात्याच्या, नळ आरोग्य खात्याचा, कर्ज अर्थ खात्याचं, वस्ती मजूर खात्याची आणि शहराचा नकाशा गृह खात्याच्या कपाटात. एक घर उभं करायला पाच ठिकाणी जोडे झिजवायचे आणि पाचही ठिकाणी साहेब जेवायला गेलेले. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आपण यावरून किती भांडायचो. मी म्हणायचे, सगळं एका छपराखाली आणा. तू म्हणायचीस, छप्पर एक झालं तरी साहेब जेवायला जाणारच.

तर ते छप्पर आता उभं राहतंय आणि ते उभारणाऱ्या तयारी कक्षात मी आहे. सचिव नवे आहेत. महिना झाला, पण त्यांच्या तोंडून दोन पूर्ण वाक्यं कुणी ऐकली नाहीत, म्हणून सगळे त्यांना कुलूप म्हणतात. सगळ्यांची नजर नगरविकास शाखेच्या प्रमुखपदावर आहे. तुला म्हणून सांगते, ती जागा माझी आहे. बांधकाम खात्याच्या घरबांधणी शाखेत मी इतकी वर्षं दुसऱ्या नंबरवर बसले. चार प्रमुख आले आणि गेले, चौघांचीही भाषणं मी लिहिली, आणि चौघांनाही ती नीट वाचता आली नाहीत. आता तरी सचिवांना माझ्याशिवाय कुणी दिसू नये.

शिवाय त्या जागेबरोबर सरकारी घर मिळतं. माझ्या घरमालकिणीने खोली सोडायला सांगितलंय, तिच्या मुलाला हवी म्हणे. रविवारी खोल्या बघत फिरते. सगळीकडे एकच प्रश्न, घरात कोण कोण? मी म्हणते, मी. मग विचारतात, आणखी? मी म्हणते, मीच. यावर दार हळूच लोटलं जातं. राजधानीतल्या दारांचे कडीकोयंडे मला आता तोंडपाठ झालेत.

अप्पांचा खोकला कसा आहे? दादाला फोन केला तर तो नुसता हो-हो करतो. तूच सविस्तर लिही. तुमच्या पालिकेत काय, नळाचे अर्जच चाललेत ना अजून?

तुझी,
नणंद


११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

मनापासून अभिनंदन. अप्पांनी पेपर शेजारच्या तिन्ही घरांत वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, हे खातं आमच्या पोरीने काढलं, मंत्री नुसता सहीपुरता. खोकला अजून आहे, पण बातमी आल्यापासून त्यांना खोकायला वेळ मिळत नाही. तुझा भाऊ म्हणाला, "छान झालं." त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे तो फारच खूश आहे असं समज.

नळाचे अर्ज चालू आहेतच, तू विचारलंस म्हणून सांगते. पण मधल्या काळात एक बरं काम झालं. नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांना आम्ही चार मजली इमारतीत हलवलं होतं ना, ते सगळे दिवसा परत नदीवरच जाऊन बसायचे. साहेब म्हणाले, या लोकांना चांगलं सोसत नाही. मी जाऊन बसले त्यांच्यात. पत्रे ठोकणारा माणूस आपले पत्रे तिसऱ्या मजल्यावर कसे नेणार? कपडे धुणाऱ्या बायका वाळत कुठे घालणार? पुढच्या दोन इमारतींचा नकाशा मंजूर झालेला होता. तो मी पुन्हा उघडला, तळमजला मोकळा सोडून तिथे कामाच्या जागा दाखवल्या. मुख्य इंजिनिअर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, पण त्या दोन इमारतींतलं कुणी नदीवर परत गेलं नाही.

हे सगळं मी तुझ्या खोलीत बसून केलं. तिथे आता माझं ड्रॉइंगचं टेबल टाकलंय, उजेड फार छान येतो. तुझी पुस्तकं नीट बांधून माळ्यावर ठेवलीत, काळजी करू नकोस.

एक सांगायचं राहिलं. नव्या खात्याचं परिपत्रक आमच्याकडेही आलं होतं, इच्छुकांनी नावं कळवावीत म्हणून. मी अर्ज केलाय. नगरविकास शाखेच्या प्रमुखपदासाठीच. तुझं पत्र हातात पडायच्या आदल्या दिवशी तो गेला, नाहीतर तुला आधी विचारलं असतं. माझं काही होणार नाही हे मलाही कळतं. ऑफिसात मी माहेरचंच नाव लावते, त्यामुळे आपलं नातं कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही. तुला राग नाही ना आला?

तुझी,
वहिनी


१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

राग कसला? उलट हसू आलं. घरच्या घरी निवडणूक. अप्पांना मत कुणाला द्यायचं हा पेच पडेल, दादा दोघींना छान म्हणेल.

पण मोठ्या अनुभवाने चार गोष्टी सांगते, ऐकून घे. राजधानी तुला वाटते तशी नाही. इथे घरभाडं ऐकून माणूस चालता चालता थांबतो. दादाची शाळेतली नोकरी तिकडे, अप्पांची तब्येत तिकडे. नांदतं घर मोडून यायचं कशाला? तुझ्या हाताखाली एक अख्खं शहर आहे. नदीकाठच्या त्या माणसांना तुझ्याशिवाय कोण विचारणार? मोठ्या खात्यात माणूस नुसता कागद होतो. माझंच बघ.

आणि नव्या खात्यात माणसं कशी येतात ते ऐक. प्रत्येक जुन्या खात्याला सांगितलंय, तुमच्याकडची चांगली माणसं द्या. कोण देणार? ज्याला नको झालंय त्याला सगळे सोन्याचा मुलामा देऊन पाठवतात. आरोग्य खात्यातून एक गृहस्थ आलेत, "अत्यंत कार्यक्षम, दूरदृष्टीचे" असं प्रशस्तिपत्रक घेऊन. आल्या दिवशी त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटले. अर्थ खात्याने ज्यांना "आमचा आधारस्तंभ" म्हणून दिलं, त्यांच्या निरोपसमारंभात तिथले कारकून नाचले म्हणतात. ज्याची जितकी स्तुती, तितका तो निकामी, असा आम्ही इथे ठोकताळाच बांधलाय.

ते सगळे अर्ज आधी माझ्याकडे येतात. प्रत्येकावर शेरा लिहून मी सचिवांकडे पाठवते. तुझाही कालच आला. तळमजल्याचा नकाशा जोडलास तो मी सगळा पाहिला, जिन्याखालच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. काम तसं बरं आहे.

माझ्या खोलीतला उजेड सकाळचाच चांगला. दुपारी ऊन थेट डोळ्यांवर येतं. तुला ते कळलं असेलच म्हणा. पुस्तकं माळ्यावर ठेवायच्या आधी मला एक ओळ लिहिली असतीस तर बरं वाटलं असतं.

तुझी,
नणंद


२८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पुस्तकांचं चुकलंच माझं. मी काल ती माळ्यावरून काढली, पुसली आणि तुझ्या जुन्या कपाटात लावली. टेबल मात्र हलवलं नाही, दुसरीकडे कुठे मावत नाही.

माझा अर्ज तुझ्या टेबलावर आला हे वाचून जिवात जीव आला. परक्याच्या हाती पडला असता तर जिन्याखालच्या टाकीपर्यंत कुणी पोचलं असतं का? इथे तर मुख्य इंजिनिअरांनी तो नकाशा उलटा धरून मंजूर केला होता. तू जे लिहिशील ते खरं लिहिशील, एवढं मला पुरे.

पण इथेच घोडं अडलंय. माझ्या अर्जावर तुमच्या खात्याने अभिप्राय मागवला, तर पालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यांनी काय लिहावं? "सोडता येणार नाही." एवढंच. इतकी वर्षं या माणसाने मला एक शब्द बरा बोलून दाखवला नाही, आणि जायचं म्हटलं तर दार अडवून उभा. मी भांडायला गेले तर म्हणतात, बाई, तुमच्याशी भांडायची मला सवय झालीय.

तू लिहितेस, नांदतं घर मोडून कशाला यायचं. खरं सांगू का? या नांदत्या घरात आल्यापासून मी रोज तुझं नाव ऐकते. आमची राजधानीतली असं म्हणायची, आमची राजधानीतली तसं म्हणाली. पेपरात कुठे एखादी इमारत दिसली की अप्पा म्हणतात, ही तिचीच असणार. मी या गावात प्रत्यक्ष उभ्या केलेल्या इमारतीवरून त्यांना रिक्षाने नेलं, तर म्हणाले, इकडे सावली बरी आहे. त्यांच्या मनात काही नसतं, ते मला माहीत आहे. पण माझ्या मनात असतं. कॉलेजात तुझे मार्क माझ्यापेक्षा नेहमी दोनचार जास्त यायचे तेव्हापासून असतं. हे तुला लिहीन असं वाटलं नव्हतं. लिहिलं, आता राहू दे.

तुला खोली मिळाली का?

तुझी,
वहिनी


९ मार्च

प्रिय वहिनी,

खोली मिळाली नाही. घरमालकिणीने महिनाभर मुदत वाढवली, ती माझ्यावर उपकार म्हणून नाही, तिचा मुलगा कुठेतरी अडकलाय म्हणून.

पत्राला उशीर झाला कारण आमचं बिऱ्हाड हललं. नव्या खात्याला जुन्या जकात कचेरीची इमारत दिलीय. पाच खात्यांचे लोक पाच बाजूंनी कपाटं घेऊन आले. गृह खात्याचं कपाट जिन्यात अडकलं, आणि ते खाली न्यायचं की वर यावर दोन उपसचिवांची दुपारपर्यंत बैठक चालली. कुणी खुर्चीला पाटी बांधून ठेवली, तर कुणी पंखा उतरवून स्वतःच्या खोलीत नेला. देशाला घरं देणाऱ्या माणसांना आधी स्वतःला खोल्या वाटून घेता येईनात. मी मात्र पहिल्या मजल्यावरची, चिंचेच्या झाडासमोरची खोली हेरून ठेवलीय. ती शाखाप्रमुखाची आहे. उगाच जाऊन खिडकी उघडून उभी राहते. शिपाई बघतो आणि पुढे निघून जातो.

तू शेऱ्याबद्दल लिहिलंस. शेरा गोपनीय असतो, घरच्या माणसालाही सांगायचा नसतो. तुझ्याबद्दल जे वाटलं ते लिहिलं, इतकं पुरे. तुझं नाव मुलाखतीच्या यादीत दिसतंय, पण त्यावर फार भिस्त ठेवू नकोस, यादी फुगवायला बरीच नावं घालतात. यायचंच झालं तर माझ्याकडे उतर म्हटलं असतं, पण घरमालकीण पाहुणे चालवून घेत नाही.

अप्पांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. दोनचार मार्कांचं तू अजून धरून ठेवलंस याचं मात्र नवल वाटलं. मी तर विसरूनही गेले होते.

तुझी,
नणंद


३ एप्रिल

प्रिय वन्सं,

मुलाखतीला येऊन गेले. तुला कळवलं नाही. स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरले आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत आले. तुझ्या इमारतीत शिरताना जिना भराभरा चढले, तू समोर येऊ नयेस म्हणून. पुढचं वाचल्यावर तुला कारण विचारावं लागणार नाही. मला आधीपासून काही माहीत होतं असं नाही, पण तुझ्या मार्चच्या पत्राने पाल चुकचुकली होती. तू कधी ताकास तूर लागू न देणारी नव्हतीस.

आत कुलूप एकटेच बसले होते. माझा अर्ज समोर होता. कामाबद्दल थोडं विचारलं, मीच बोलत होते. मग ते म्हणाले, "बाई, या जागेसाठी पुष्कळ अर्ज आले. प्रत्येकाला त्याचं खातं हसत हसत सोडायला तयार आहे. प्रत्येकाची स्तुती वाचून माझे डोळे दुखले. तुमचा एकटीचा अर्ज असा आहे की पालिका म्हणते सोडता येणार नाही आणि आमच्या इथली एक अधिकारी म्हणते घेऊ नका. आता मी कुणाला घ्यावं, तुम्हीच सांगा."

मी विचारलं, घेऊ नका का म्हणतात? त्यांनी शेरा हातात न घेताच सांगितला, पाठ झाला असावा. म्हणाले, "ही बाई मंजूर झालेला कागदही खोडत बसते. वरिष्ठ सांगतात म्हणून सही करत नाही. हिच्यामुळे खात्याची गती मंदावेल." आणि मग ते हसले. कुलूप हसतात हे तू कुणाला सांगितलंस तरी पटणार नाही.

कॉलेजात मला खोडरबर कोण म्हणायचं, वन्सं? माझ्याबद्दल "खोडत बसते" असं एकाच माणसाने आजवर म्हटलंय.

स्तुती म्हणजे निकामी, हे तूच मला लिहिलं होतंस. तूच ते विसरलीस. नुसतं "ठीक आहे" एवढं लिहिलं असतंस तर मी पुढेही इथेच नळाचे अर्ज तपासत बसले असते. जागा मला मिळाली, मला सोडण्याचा हुकूम पालिकेला वरून आला. पंधरा तारखेला हजर व्हायचंय. अप्पा आणि तुझा भाऊ शाळेला सुट्टी लागली की येतील. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, तिने खातं काढलं, म्हणून हिला काम मिळालं. मी म्हटलं, अगदी खरं आहे.

वहिनी


७ एप्रिल

वहिनी,

हो, मीच लिहिलं. आणि पुन्हा तोच अर्ज समोर आला तर पुन्हा लिहीन, फक्त शहाणपणाने लिहीन.

तुला कळत नाहीये की काय झालं. कानामागून आलीस आणि तिखट झालीस. मीच तुला घरी आणलं होतं, ही माझी मैत्रीण म्हणून. दादा तुझा झाला. ठीक आहे, ते व्हायचंच. अप्पांना रोज चहा तू देतेस. मग माझी खोली तुझी झाली आणि मला ते पत्रातून कळलं, उजेड छान येतो म्हणून. एक खुर्ची राहिली होती. एकच. तिच्यासाठी मी चार माणसांची भाषणं लिहिली. तीही तुला हवी होती? दोनचार मार्कांसाठी?

तू म्हणतेस तुझ्या मनात असतं. तुझ्या मनात असताना तुझ्या आजूबाजूला माणसं असतात. माझ्या मनात येतं तेव्हा मी खोलीत एकटी असते, आणि ती खोलीही महिनाअखेर सोडायचीय.

मला परत बांधकाम खात्यात पाठवावं असा अर्ज आज दिलाय. उद्यापासून रजेवर आहे. चिंचेच्या झाडासमोरची खोली तुझीच, ऊन कधी येतं ते विचारू नकोस.

नणंद


१८ एप्रिल

प्रिय वन्सं,

एकाच शहरात राहून तुला पत्र लिहायची वेळ आली. तुझ्या खोलीवर दोनदा येऊन गेले. घरमालकीण म्हणाली, आहे पण नाही म्हणून सांगितलंय. तुझ्यापेक्षा ती खरं बोलते.

तुझा परत जायचा अर्ज माझ्याकडे आला. शाखाप्रमुखाने त्यावर शेरा लिहायचा असतो. मी तो दिवसभर समोर ठेवला. तुझी स्तुती लिहावी असं वाटत होतं. अत्यंत कार्यक्षम, आधारस्तंभ, सगळं. म्हणजे तुला बांधकाम खात्यात कुठल्या कोपऱ्यात नेऊन बसवतील ते मला ठाऊक होतं. लिहायला हातही उचलला होता. तू माझ्याबद्दल लिहिलंस तेव्हा तुझा हात असाच उचलला गेला असेल, हे मला तेव्हा कळलं. मी काही तुझ्याहून फार चांगली नाही.

मग मी इथल्या माणसांचे कागद बघितले. आरोग्य खात्याचे गृहस्थ झोपतात. बाकीचे जागे असतात, पण वाचत नाहीत. मी परवा एका टिपणात मुद्दाम एक ओळ दोनदा घातली, पाच जणांच्या सह्या होऊन ते परत आलं. या सगळ्या इमारतीत माझा नकाशा जिन्याखालच्या टाकीपर्यंत वाचणारं एकच माणूस आहे, आणि ते मला पाण्यात पाहतं. मला ते समोर हवंय. प्रेमाने वाचणारे चूक बघून सोडून देतात. तू सोडणार नाहीस.

म्हणून लिहिलं, "सोडता येणार नाही."

सोबत माझा पहिला मसुदा पाठवते. देशभर घरं वाटायची ती कुणाला आणि कोणत्या नियमाने, त्याची कलमं आहेत. येत्या मंगळवारी मंत्र्यांकडे जाईल. जमलं तर बघ.

आणि सरकारी घर मला तीन खोल्यांचं मिळालंय. अप्पा आणि तुझा भाऊ येईपर्यंत मी एकटीच आहे आणि ते आल्यावरही एक खोली उरते. ती तुझी. तिथे मी टेबल टाकणार नाही, हे लिहून देते.

तुझी,
वहिनी


२१ एप्रिल

प्रिय वहिनी,

मसुदा वाचला. चुकलीस.

कलम चार बघ. "कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले. घर कुटुंबास देण्यात येईल." पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, खोडरबरच्या हातून हे सुटलं. मंगळवारी मंत्र्यांकडे गेलं असतं, महिनाभरात छापलं गेलं असतं आणि पुढची वीस-तीस वर्षं प्रत्येक शहरातल्या प्रत्येक कारकुनाने तेच पुढे केलं असतं. घरात कोण कोण? मीच. मग तुम्ही कुटुंब नाही, पुढचा या.

मग पुन्हा वाचलं आणि रडू आलं. तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला माहीत आहे, म्हणूनच जास्त आलं. तू नांदत्या घरात बसून लिहिलंस. तुला बाहेर कोण राहिलं ते दिसलं नाही. आमच्या गल्लीत शिवणकाम करणारी बाई आहे, तिला कुणी नाही. रात्रपाळीची नर्स आहे. नवरा टाकून गेलेल्या दोघी आहेत. सगळ्या भाड्याच्या खोल्यांतून खोल्यांत फिरतात. इतकंच काय, या कलमात अप्पासुद्धा बसत नाहीत. ते ना कुणाचे पती राहिले, ना अविवाहित मूल. उद्या तुम्ही दोघं नसलात तर तुझ्या नियमाने त्यांना दाराबाहेर उभं राहावं लागेल.

दुरुस्ती सोबत जोडलीय. "एकटी राहणारी व्यक्ती हेही कुटुंब समजावे." अर्थ खात्यातून आलेले खळखळ करतील, मागणी वाढेल म्हणतील. त्यांना मी उत्तर देईन, तू बोलू नकोस, तू भांडताना मऊ पडतेस.

मला तुझा हेवा वाटतो, तो काही जायचा नाही. त्या खिडकीत तुला बसलेलं बघून रोज सकाळी वाटेल. ते तू सहन कर, मीही करीन.

तुझ्या घरातली खोली मात्र मला नको. तू मनापासून देतेस हे कळतं, तरी नको. दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीत मी आजवर पुष्कळ राहिले. मला या कलमात जागा दे.

सोमवारी कामावर येते. मी येईपर्यंत मसुद्यावर सही करू नकोस.

तुझी,
नणंद